कुळातलं लाकूड

१२ सप्टेंबर, शुक्रवार. सकाळी नऊपासून एक सहाण घासते आहे. चंदन उगाळायची साधी दगडी सहाण, तीन बुटके पाय, एका कडेचा टवका उडालेला. मधोमध तळहाताएवढा तांबूस डाग आहे. ज्यांची सहाण आहे त्यांनी घरी राख, चिंच, लिंबू, धुण्याची पावडर असं सगळं करून पाहिलं आहे. मी स्पिरिट वापरते आहे. हा डाग ज्या लाकडाचा आहे त्याचा रंग पाण्यापेक्षा स्पिरिटमध्ये जास्त सुटतो, हे मला धंद्यामुळे माहीत आहे. फडकं केशरी होतं, दगड आहे तसाच राहतो. घट बसायच्या आत सहाण परत द्यायची आहे.

सहाणी घासणं हा माझा धंदा नव्हे. मी पेनं कातते. नाशिक रोडला घरामागे पत्र्याची शेड आहे, शेडमध्ये लेथ आहे आणि त्यावर गेली बारा वर्षं मी आफ्रिकेतून आलेल्या लाकडाची पेनं करते. या अंकाच्या संपादकांनी फोन केला, ‘उद्योगिनींची जिद्द’ असा विभाग आहे, तुम्ही लिहा. जिद्दीबद्दल मला फारसं काही सांगता येणार नाही. लाकडाबद्दल येईल, आणि या सहाणेबद्दल.

आयटीआयला मी टर्नरचा ट्रेड घेतला होता. सातपूरच्या एका कारखान्यात एकवीस वर्षं लोखंड कातलं. मग कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं आली, हाताची लेथं भंगारात निघाली आणि मीही साधारण त्यांच्याच बरोबर निघाले. त्यातलंच एक लेथ घरी आणलं. पुढचं सनावळीसकट सांगत बसत नाही.

पेन करायचं तर आधी लाकडाची चौकोनी कांडी लागते, अंगठ्याएवढी जाड, वीतभराहून थोडी आखूड. तिचे दोन तुकडे करायचे, दोन्हींना आरपार भोक पाडायचं, भोकात पितळी नळी चिकटवायची. मग ते तुकडे सळईवर ओवून लेथला लावायचे आणि फिरत्या लाकडाला पटाशी टेकवायची. चौकोनाचे कोपरे जाईपर्यंत खडखड आवाज येतो. तो थांबला की समजायचं, गोल झालं. मग घासपेपर, एकाहून एक बारीक असे सात नंबर, आणि शेवटी पॉलिश. निब, रिफिल, क्लिप, टोपणाची कडी हे सगळं तयार मिळतं. ‘मग पेनमध्ये तुमचं काय?’ असं लोक विचारतात. मधला नळा माझा. बाकी सगळं बाजारातलं.

लाकूड सिन्नरहून येतं. तिथल्या औद्योगिक वसाहतीत हॉटेलांचे दरवाजे करणारा एक कारखाना आहे. त्यांच्याकडे आफ्रिकेतल्या लाकडाच्या लांब फळ्या येतात. फळीतून दरवाजा निघतो, कडेची पट्टी उरते, ती माझी. पडौक, वेंगे, बुबिंगा, झेब्रावुड. सुरुवातीला ही नावं घेतली की गिऱ्हाइकं हसायची. बुबिंगा ऐकून एका बाईंनी विचारलं होतं, ‘हे भाजून खातात का?’

वेंगे काळं, दिसायला रुबाबदार आणि स्वभावाने हलकट. त्याचं कुसळ बोटात गेलं की दोन दिवसांत बोट पिकतं. झेब्रावुडला पट्टे सुंदर, पण कापताना घाण वास सुटतो. आणि पडौक. पडौक कापलं की आतून शेंदरासारखं निघतं. सगळ्यांत जास्त तेच खपतं आणि सगळ्यांत जास्त तक्रारी त्याच्याच येतात, कारण तो रंग टिकत नाही. उजेडाने विटकरी होतो, मग तपकिरी. गंगापूर रोडच्या एका गृहस्थांनी मुलीच्या लग्नात व्याह्यांकडच्या मानकऱ्यांना द्यायला पाच पेनं करून घेतली. शालूच्या रंगाची हवीत म्हणून शालूच पिशवीतून घेऊन आले होते. मी बजावलं, डब्यात ठेवा. त्यांनी दिवाळीपासून वैशाखापर्यंत खिडकीसमोरच्या काचेच्या कपाटात ठेवली. लग्नाच्या आदल्या दिवशी फोन आला, “बाई, तुमचं लाकूड आजारी पडलंय. शालू आहे तसाच आहे.”

हे असं रंग बदलणारं लाकूड मी ज्या शब्दावर खपवलं तो शब्द सांगायचा म्हणून हा लेख.

प्रदर्शनात नवं पेन हातात घेतलं की नाशिकचा माणूस आधी ‘श्री’ लिहितो, मग स्वतःचं नाव, मग सही. माझ्या टेबलावरच्या वह्यांत पानंच्या पानं श्री आहेत. एकदा कपाळाला गंध लावलेले एक गृहस्थ आले, पडौकच्या पेनाने श्री काढला आणि म्हणाले, “रक्तचंदन का?” मी म्हटलं, “नाही, आफ्रिकेतलं पडौक.” त्यांनी पेन खाली ठेवलं. त्याच दिवशी आणखी दोघांनी तेच विचारलं आणि तसंच खाली ठेवलं. सिन्नरच्या कारखान्यातल्या साहेबांनी मला कधीतरी सांगितलं होतं की वनस्पतिशास्त्राप्रमाणे पडौक आणि रक्तचंदन जवळचे नातेवाईक. चौथ्या माणसाला मी म्हटलं, “रक्तचंदनाच्या कुळातलं आहे.” त्याने दोन घेतली.

खोटं काही नव्हतं. पुढे तेच वाक्य मी कार्डावर छापून घेतलं. एका रिटायर्ड तलाठ्यांनी कार्ड वाचून विचारलं, “कुळातलं म्हणजे? लाकडाला कूळ कायदा लागू झाला की काय?” सगळे हसले, मीही हसले, आणि त्यांनी पेन घेतलं. टेबलाच्या कोपऱ्यावर मी एक टोपलीही ठेवायचे. पेनाच्या कामाला न येणारे तुकडे तिच्यात टाकलेले असत. वर लिहिलेलं, ‘घ्या, फुकट’. लोक वास घेऊन बघत आणि घेऊन जात. पडौकला किंचित गोडसर वास असतो.

आता मंदाबाई.

मंदाबाई एकलहऱ्याच्या. नवरा तिथल्या औष्णिक वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कामाला होता, तो गेला. मुलगा आणि सून सविता यांच्याबरोबर राहतात. आमच्या शेजारी धुण्याभांड्याला यायच्या. एक दिवस माझ्या शेडच्या दारात उभ्या राहून मी घासलेलं पेन त्यांनी हातात घेतलं आणि म्हणाल्या, “ह्ये इथं ऱ्हायलंय.” बोट लावलं तिथे खरंच ओरखडा होता. मला चष्म्यातून दिसला नव्हता. तेव्हापासून नऊ वर्षं घासणं आणि पॉलिश त्यांच्याकडे. घासपेपर कितव्या नंबरचा ते त्या मागचा आकडा न बघता अंगठ्याने सांगायच्या. माझ्याहून सहा वर्षांनी मोठ्या, म्हणून मी त्यांना अहो-जाहो करायची. त्या मला ताई म्हणायच्या, पण अगं-तुगं.

आणि नाक. शेडच्या बाहेर चप्पल काढतानाच त्यांना कळायचं, आज लेथला काय आहे.

“झेब्रा लावला का गं? मेल्या उंदरावानी येऊ राहिलंय.”

वेंगेला ओल्या कडब्याचा वास येतो, बुबिंगाला पहिल्या दिवशी येतो आणि दुसऱ्या दिवशी येत नाही, हे मला त्यांनी शिकवलं. पट्ट्यांचा ढीग एकत्र झाला की मी त्यांनाच वेगवेगळा करायला सांगायची. त्यांनी नाकाला लावून सांगितलं की मी पेन्सिलीने टोकावर अक्षर घालायची. वेंगेला वें, बुबिंगाला बु, पडौकला प.

पडौक घासायला घेतलं की मंदाबाईंना शिंका लागायच्या, एकामागून एक. मी लेथवरून मोजायची. “अकरा झाल्या,” मी म्हणायची. “बारावी तुझ्या नावची,” त्या म्हणायच्या. डोळे लाल व्हायचे. धुळीसाठीचा चांगला मास्क मी वापरायचे, दोन बाजूंना डबे असलेला. त्यांच्यासाठीही तसाच एक आणला होता. त्यांनी अर्धा दिवस घातला आणि खिळ्याला टांगला. “त्यातनं वासच कळंना. आन धुळीचं काय, सवय हाय मला. आमच्याकडं राखंचे डोंगर हायेत.” मी दोनदा म्हणून पाहिलं, तिसऱ्यांदा म्हटलं नाही. त्यांचं नाक माझ्या उपयोगाचं होतं.

दिवाळीला त्या पडौकचा भुसा पिशवीत भरून न्यायच्या. एकलहऱ्याला त्यांच्या दारात तांबडी रांगोळी माझ्या भुशाची असायची. भाऊबीजेपर्यंत ती तपकिरी व्हायची.

प्रदर्शनाला मंदाबाई माझ्याबरोबर यायच्या. गर्दी झाली की त्यासुद्धा गिऱ्हाइकांशी बोलायच्या. एकदा मी चहा घेऊन परत येते आहे, तर त्या एका जोडप्याला सांगत होत्या, “रक्तचंदन हाय. असली.” जोडपं गेल्यावर मी म्हटलं, “मंदाबाई, रक्तचंदन नाही म्हणायचं. कुळातलं म्हणायचं.”

“ताई, तू लय लांबड लावती. कुळातलं न् बिळातलं. मानूस तवर पुढच्या टेबलावर जातो.”

जोडप्याने एक पेन घेतलं होतं. मी पुन्हा काही बोलले नाही. त्यानंतर त्या तसंच सांगत राहिल्या, आणि सांगता सांगता त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. कधी कधी त्या टोपलीतल्या तुकड्याला हात लावून तो कपाळाला लावायच्या. मला वाटायचं, गिऱ्हाइकाला दाखवायला करतायत.

गेल्या फाल्गुनात त्यांची दाढ सुजली. दोन दिवस गाल धरून काम केलं. संध्याकाळी जाताना टोपलीतला एक तुकडा उचलून पदराला बांधला. मी पाहिलं. दाराला पाचर करायला नेत असतील असं वाटलं. सूज आली की रक्तचंदन उगाळून लेप लावायचा, हे माझ्या आईच्या घरातही होत होतं. तरी मला ते सुचलं नाही, कारण माझ्या डोक्यात ते लाकूड कधी रक्तचंदन नव्हतंच. त्यांच्या डोक्यात होतं.

पुढचे दोन दिवस त्या आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी मी एकलहऱ्याला गेले. मंदाबाई खाटेवर होत्या. डावा गाल कानापर्यंत सुजलेला, वर बारीक फोड, त्यातून पाणी, डोळा मिटलेला. ओट्यावर हीच सहाण होती, तिच्यात शेंदरी लगदा, आणि बाजूला माझा तुकडा. टोकावर माझ्या पेन्सिलीचा प.

“रक्तचंदनाचा लेप चालू हाय, ताई,” सविता म्हणाली. “तुमच्याकडचंच. प लिहिलंय ना त्याच्यावर, मी म्हटलं पूजेचं असंल.”

मी म्हटलं, “चला, दवाखान्यात जाऊ.” एवढंच म्हटलं.

नाशिक रोडच्या एका दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी तोंड उघडून दाढ पाहिली, गाल पाहिला. “वरून काय लावलं?”

“रक्तचंदन,” सविता म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. चष्मा लावलेली, पर्स घेतलेली मी तिथे होते, म्हणून असेल. “चांगलं होतं का? हल्ली भेसळ फार.”

मी म्हटलं, “लाकूड चांगलं आहे.”

हे वाक्य मी तेव्हापासून पुष्कळदा उलटसुलट करून पाहिलं आहे. खोटं त्यातही काही नाही. पडौक चांगलंच लाकूड आहे, दरवाजे वर्षानुवर्षं टिकतात. मी तसं का म्हटलं, तर सविता ऐकत होती, आणि एकदा रक्तचंदन नव्हे म्हटलं असतं तर मग टोपली, कार्ड, प्रदर्शनं सगळंच तिथे त्या टेबलावर आलं असतं. मला वाटलं, दाढेचं औषध चालू झालं की सूज उतरेल, लेप आपोआप बंद होईल, आणि मी निवांतपणे नंतर सांगेन. डॉक्टरांनी दाढेच्या गोळ्या लिहून दिल्या. त्यांची काही चूक नाही. त्यांना विचारल्याचं उत्तर मिळालं होतं.

लेप बंद झाला नाही. सविताने तो वाढवला. ताई डॉक्टरांच्या तोंडावर म्हणाल्या लाकूड चांगलं आहे, म्हणून तिने तो सकाळ-संध्याकाळ, गळ्यापर्यंत लावला. दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. “ताई, आईंना दम लागलाय. ओठ निळे दिसू राहिलेत.”

या वेळी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. मी तो तुकडा रुमालात बांधून बरोबर घेतला होता. तिथल्या डॉक्टर बाईंच्या टेबलावर ठेवला आणि सांगितलं, हे आफ्रिकेतलं पडौक आहे, यांनी पाच दिवस गालाला लावलं आहे, आणि नऊ वर्षं याचा भुगा यांच्या नाकात जातो आहे.

“मग आधीच्या दवाखान्याच्या कागदावर रक्तचंदन लिहिलंय, ते कोण म्हणालं?”

“त्याच्या कुळातलं आहे.”

“आंबा आणि बिब्बाही एकाच कुळातले आहेत,” त्या लिहिता लिहिता म्हणाल्या. “आंबा म्हणून बिब्बा खाल का?” मग विचारलं, “मास्क वापरायच्या का ह्या?”

“एक आणून दिला होता.”

“वापरायच्या का?”

“नाही.”

त्यांनी तेही लिहून घेतलं.

मंदाबाई सहा दिवस तिथे होत्या. चौथ्या दिवशी घशातली नळी निघाली आणि बोलता यायला लागलं. सविता डबा आणायला गेलेली पाहून मी स्टूल पुढे ओढलं.

“मंदाबाई, ते रक्तचंदन नव्हतं.”

“मंग काय व्हतं?”

“पडौक. आपण घासतो ते.”

“तू तर म्हनायची कुळातलं.”

“कुळातलं आहे. रक्तचंदन नाही.”

त्यांनी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. “आन त्या पहिल्या डाक्टरनी इचारलं तवा तुला ठावं व्हतं?”

“हो.”

शेजारच्या खाटेवरच्या बाईने कूस बदलली. मंदाबाईंनी चादर गळ्यापर्यंत घेतली आणि म्हणाल्या, “तुम्ही जावा आता घरी. उशीर व्हईल.”

नऊ वर्षांत पहिल्यांदा तुम्ही. तेव्हापासून तुम्हीच आहे. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, कोणाला सांगितलंही नाही. शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून घेतल्या असत्या. ‘या, बसा, चहा घ्या’ असं म्हणतात आणि दुसरीकडे बघतात.

डाव्या गालावर, डोळ्याखालपर्यंत काळपट चट्टा राहिला आहे. दिवसातून दोनदा दम्याचा पंप ओढावा लागतो. लाकडाच्या भुग्याजवळ आयुष्यात पुन्हा जायचं नाही असं डॉक्टर बाईंनी सांगितलं आहे. माझ्या कपड्यांना लागलेल्या धुळीनेसुद्धा त्यांना ढास लागते, म्हणून मी डोक्यावरून अंघोळ करून, शेडमध्ये कधीच न नेसलेली साडी नेसून त्यांच्याकडे जाते. काम गेलं. नाकही गेलं. सविता सांगत होती, दूध उतू जाऊन जळलं तरी आईंना कळत नाही.

मी कार्डं फेकून दिली. नव्या कार्डावर लिहिलं आहे, ‘आफ्रिकन पडौक. रक्तचंदन नव्हे.’ श्रावणातल्या प्रदर्शनात एकाने ते वाचून विचारलं, “नव्हे, तर मग लिहिलंय कशाला?” पेन खाली ठेवलं. टोपली मी बंद केली, पण आधीच्या अकरा वर्षांतले तुकडे कुठे कुठे गेले त्याची नोंद नाही. पेन नेणाऱ्याचा फोन नंबर मी लिहून घेते, फुकट नेणाऱ्याचा कशाला घेतला असता? त्याच प्रदर्शनात एक ओळखीच्या बाई भेटल्या. मी मुद्दाम विचारलं, तर म्हणाल्या, “हो, देवघरात आहे की. रोज देवाला उगाळते.” मी खरं काय ते सांगितलं. “इतकी वर्षं?” म्हणाल्या, आणि नमस्कार न करता गेल्या. अशा आणखी किती जणी आहेत मला माहीत नाही. हे छापून आल्यावर वाचणाऱ्या कोणाकडे माझ्या टोपलीतला तांबडा-तपकिरी तुकडा असेल तर त्यांनी तो उगाळू नये. पेपरवेट म्हणून ठेवायला हरकत नाही.

पडौक अजून येतं. पॉलिश मीच करते. त्यांच्यासारखं होत नाही, गिऱ्हाइकाला कळत नाही, मला कळतं.

गेल्या आठवड्यात सविता आली. शेडच्या दारातच उभी राहिली आणि कागदात गुंडाळलेली सहाण पुढे केली. “आईंनी दिलीय. त्यांच्या सासूची हाय ती. दुसरी नको म्हणत्यात. म्हणाल्या, घट बसायच्या आत ज्याचा डाग त्यानं काढावा.”

तर आज ती घेऊन बसले. दुपारी बारापर्यंत स्पिरिटने घासल्यावर माझ्या लक्षात आलं की मी चुकीचं करते आहे. स्पिरिटने रंग सुटतो खरा, पण सुटलेला रंग दगडाच्या बारीक छिद्रांतून आणखी खाली जातो. लाकूड पॉलिश करणाऱ्या बाईला हे नऊ वाजताच कळायला हवं होतं. मग स्पिरिट ठेवून दिलं आणि वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून चालवायचा घासपेपर, घेतला. डाग आहे तेवढा दगडाचा थरच काढायचा ठरवलं. आधी जाड पेपर, मग मधला, मग सवयीने बारीक. मास्क घालून चार तास. संध्याकाळी सहाण कोरडी झाली तेव्हा तिच्यावर डाग नव्हता. ओली केली की अगदी फिकट दिसतो. ज्याला माहीत आहे त्यालाच दिसेल.

१३ सप्टेंबर, शनिवार. काल लेख इथेच संपवून पाठवणार होते. पण आज सकाळचं लिहायला हवं.

डोक्यावरून अंघोळ केली, धुतलेली साडी नेसले आणि साडेसातच्या बसने एकलहऱ्याला गेले. मंदाबाई ओट्यावर पाय सोडून बसल्या होत्या. मी कागद सोडून सहाण त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डोळे मिटले आणि अंगठा फिरवला.

“सहाशे नंबर मारला.”

“हो.”

त्या आत जाऊन चंदनाचं खोड आणि तांब्या घेऊन आल्या. सहाणेवर पाणी शिंपडलं. डाग दिसला, फिकट. त्यांनी त्यावर खोड ठेवलं आणि उगाळायला लागल्या. खोड नुसतं सरकत होतं. पाणी पाणीच राहिलं.

“सहाण हाय का आरसा? चंदन सरकू राहिलंय नुसतं.”

बारा वर्षं मी जे काही घासलं ते गुळगुळीत करायला घासलं. सहाण खरखरीत लागते हे काल चार तासांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी जोर लावून आणखी दहा-बारा वेढे घेतले. बोटावर थोडं पांढुरकं पाणी आलं. ते नाकाशी नेलं, मग माझ्या नाकाशी धरलं. “चंदनाचा वास येतो का गं?”

मी वास घेतला.

“नाही. स्पिरिटचा येतो.”

मंदाबाईंनी बोट पदराला पुसलं. पंप काढला, एकदा ओढला, श्वास धरून ठेवला, सोडला. मग सहाण उचलून माझ्या हातात दिली. “मंग ने परत. टाकी लावून आण. घटाला अजून नऊ दिस हायेत.”

सिन्नर फाट्याला पाटे-वरवंटे विकणारी, त्यांना टाकी लावून देणारी एक बाई रस्त्याच्या कडेला बसते. परतीच्या बसने मी तिच्याकडे उतरले. तिने सहाण उलटसुलट करून पाहिली, “यवढी घोटली कोनी?” म्हणाली, आणि छन्नी-हातोडी ओढली. पहिल्याच घावाला दगडाची भुकटी तिच्या तोंडावर उडाली. मी सहाण तिच्या पुढ्यातून उचलून घेतली आणि नाकाला काहीतरी बांध म्हटलं.

“सवय हाय,” ती म्हणाली.

पर्समध्ये एक कोरा मास्क होता, तो काढून तिला दिला. तिने तो मांडीवर ठेवला आणि सहाणेसाठी हात पुढे केला. ती मास्क घालेपर्यंत मी सहाण हातातून सोडली नाही.